८० अंश, ९० सेकंद : मानदुखीची नस जाळताना

मान दुखते म्हणून एमआरआय काढला, रिपोर्टमध्ये दोन गाद्या फुगल्याचं आणि मणक्यांची झीज झाल्याचं छापून आलं, की निदान झालं असंच आपण धरून चालतो. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेली एक पाहणी या समजुतीला चांगलाच धक्का देते. विशीपासून सत्तरीपर्यंतच्या, मानेची लक्षणं नसलेल्या १,२११ जणांचे एमआरआय त्यांनी काढले. त्यांतल्या ८७.६ टक्के लोकांच्या मानेत निदान एक तरी गादी फुगलेली निघाली. धडधाकट माणसांचे हे रिपोर्ट होते! तेव्हा चित्रात झीज दिसली म्हणून दुखण्याचं मूळ सापडलं, असं म्हणायला फारसा आधार नाही.

उलटही घडतं. गाडीला मागून धडक बसते, मानेला जोराचा हिसका बसतो, हाड मोडत नाही, एक्स-रे स्वच्छ, एमआरआय स्वच्छ, आणि दोन वर्षं उलटली तरी मान वळवताना कळ येतेच. अशा माणसाला घरचे, कधीकधी डॉक्टरही, 'सगळं मनात आहे' असं सांगून मोकळे होतात. या रुग्णांच्या दुखण्याचा माग ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलच्या एका गटाने चिकाटीने काढला. शरीररचनाशास्त्रज्ञ निकोलाय बोगडक हे त्यातलं ठळक नाव. १९९५ मध्ये या गटाने हिसक्यानंतर मान कायमची दुखू लागलेल्या ५० रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली. ५४ टक्के रुग्णांचं दुखणं मानेच्या मागच्या छोट्या सांध्यांमधून येत होतं. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये या सांध्यांवर बहुधा एखादी ओळ असते, तीही शेवटी. या सांध्यांच्या नसा सुईवाटे उष्णता देऊन जाळण्याचा एक उपचार आहे, रेडिओफ्रिक्वेन्सी. ही गोष्ट त्याची.

मानेत सात मणके. अगदी वरची जोडी वेगळ्या घडणीची, ती सोडू. बाकी प्रत्येक दोन मणक्यांमध्ये पुढे गादी असते आणि मागे डावी-उजवीकडे एकेक छोटा सांधा, फॅसेट जॉइंट. आकाराने लहान असला तरी तो गुडघ्यासारखाच पुरा सांधा आहे. त्याला कूर्चा आहे, वंगणासारखा द्रव आहे आणि सगळ्याला धरून ठेवणारं आवरण आहे. या आवरणात वेदना जाणवणारे चेतातंतू भरपूर असतात. ते ताणलं गेलं, फाटलं किंवा सुजलं की दुखतं. पण दुखतं ते नेमक्या त्याच जागी जाणवेल याची खात्री नाही. १९९० मध्ये काही निरोगी स्वयंसेवकांनी या सांध्यांमध्ये सुईने द्रव भरून घेतला. आवरण ताणलं गेलं की कुठे दुखतं, हे त्यांनी शरीराच्या आकृतीवर रंगवून दाखवलं. वरच्या सांध्याचं दुखणं मानेतून डोक्याच्या मागच्या भागावर चढलं. पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधल्या सांध्याचं दुखणं खांद्याच्या माथ्यावर उतरलं आणि त्याखालच्या सांध्याचं थेट पाठीच्या फऱ्यापर्यंत पोहोचलं. खांद्यावर वर्षानुवर्षं मलम चोळणाऱ्या काही जणांचं खरं दुखणं मानेत असू शकतं, ते असं.

या सांध्यांची खबर मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसा अगदी बारीक असतात. प्रत्येक मणक्याच्या पातळीवर मुख्य नस मणक्याबाहेर पडली की तिची एक फांदी मागे वळते आणि त्या फांदीची आतली उपशाखा सांध्यांच्या उभ्या खांबाला, त्याच्या कमरेपाशी बिलगून जाते. प्रत्येक सांध्याला वरून एक आणि खालून एक अशा दोन उपशाखा येतात. म्हणून एक सांधा गप्प करायचा तर दोन नसा हाताळाव्या लागतात. अपवाद दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यामधल्या सांध्याचा. त्याची खबर मुख्यतः एकच जाडसर नस नेते आणि ती पुढे डोक्याच्या मागच्या त्वचेपर्यंत जाते. ही नस लक्षात ठेवा, दुष्परिणामांच्या गोष्टीत तिचा मोठा वाटा आहे.

या उपशाखा केवळ वेदनेची खबर नेत नाहीत. मणक्यांना घट्ट धरून ठेवणाऱ्या मानेच्या खोल स्नायूंनाही त्याच चालवतात. काही शाखा त्वचेलाही जातात. उपचारात ही नस जाळली जाते, तेव्हा तिची सगळीच कामं थांबतात, फक्त दुखण्याचं नाही. या उपचाराचे बहुतेक दुष्परिणाम म्हणजे त्या नसेच्या कामांची यादीच असते. हे एकदा कळलं की उपचारानंतर काय काय जाणवू शकतं, याचा अंदाज रुग्णाला बऱ्यापैकी आधीच बांधता येतो. दुर्दैवाने संमतिपत्रात हेच सगळ्यात बारीक अक्षरांत असतं.

आधी मात्र नस जाळायची की नाही, हे ठरवावं लागतं. खरी कसोटी इथेच आणि चूकही बहुधा इथेच. सांधा दुखतोय हे चित्रात दिसत नसल्याने तो तपासायचा एकच बऱ्यापैकी भरवशाचा मार्ग उरतो : त्याच्या दोन्ही नसा तात्पुरत्या बधिर करायच्या आणि दुखणं जातं का बघायचं. एक्स-रेच्या चालत्या पडद्यावर बघत डॉक्टर बारीक सुई खांबाच्या कमरेपाशी नेतात आणि भुलीच्या औषधाचा अर्ध्या मिलिलिटरहून कमी थेंब सोडतात. औषध जास्त सोडलं तर ते शेजारच्या नसांवर पसरतं आणि परीक्षाच फसते. पुढचे काही तास रुग्णाने दर थोड्या वेळाने दुखणं किती ते कागदावर नोंदवायचं असतं. मान वळवून बघायची, नेहमी ज्या हालचालीने कळ येते ती मुद्दाम करून बघायची. दिवसभर उशीवर पडून राहिलात तर उत्तर काहीच मिळत नाही.

एकाच इंजेक्शनवर भिस्त ठेवली की गडबड होते. न्यूकॅसलच्याच गटाने दाखवून दिलं, की एका इंजेक्शनने होकार आलेल्या रुग्णांपैकी सुमारे २७ टक्क्यांचा होकार खोटा असतो. सुई टोचल्याने, डॉक्टरांनी लक्ष दिल्याने, आशेने, कशानेही दुखणं काही तास हटू शकतं. म्हणून त्यांनी दोन वेगळ्या दिवशी दोन वेगळी औषधं वापरायची युक्ती काढली. एक लिग्नोकेन, ज्याचा असर कमी वेळ टिकतो. दुसरं ब्युपिव्हकेन, ज्याचा जास्त वेळ टिकतो. कोणत्या दिवशी कोणतं औषध, हे रुग्णाला ठाऊक नसतं. दोन्ही वेळा आराम पडला आणि दुसऱ्या औषधाने तो अधिक काळ टिकला, तर शंकेला जागा कमी उरते. ही पद्धत वेळखाऊ आहे. एकच तपासणी-इंजेक्शन पुरे की दोन हवीत, आराम ५० टक्के पुरे की ८० टक्के हवा, यावर डॉक्टरांच्या संघटनांचं अजून एकमत नाही. माझं मत विचाराल तर, नस जाळायचीच असेल तर दोनदा टोचून घेतलेलं बरं. पुढे जळणार आहे ती आपलीच नस.

आता मूळ उपचाराकडे. रेडिओफ्रिक्वेन्सी म्हणजे सेकंदाला सुमारे पाच लाख वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह. घरच्या विजेचा झटका बसतो, कारण ती सेकंदाला ५० वेळा फिरते आणि नसा, स्नायू तिला दाद देतात. पाच लाखांच्या वेगाला मात्र नस प्रतिसाद देऊ शकत नाही. झटका बसत नाही, फक्त उष्णता निर्माण होते. ती कुठे निर्माण होते, याबद्दल गैरसमज फार आहे. सुईचं टोक तापवून नस भाजली जाते, असं लोकांना वाटतं. खरं तर तापतो तो टोकाभोवतीचा मांसल भाग. त्यातल्या पाण्यात विरघळलेले विद्युतभारित कण प्रवाहाच्या तालावर पुढेमागे ढकलले जातात, घर्षण होतं आणि ऊब वाढते. सुईचं टोक त्या उबेने तापतं, उलट नव्हे. टोकातच बसवलेला तापमापक आकडा दाखवत असतो. सुमारे ४५ अंश सेल्सियसच्या वर चेतातंतू कायमचे इजा पावू लागतात, म्हणून सुरक्षित अंतर ठेवून ८० अंशांच्या आसपास सुमारे ९० सेकंद उष्णता दिली जाते. उपकरणानुसार आणि डॉक्टरांच्या पद्धतीनुसार आकडे थोडे बदलतात.

१९७० च्या दशकात हा प्रकार कमरेच्या दुखण्यासाठी सुरू झाला, त्याला एका सुरीचं निमित्त होतं. ऑस्ट्रेलियातले सर्जन स्कायर्म रीस त्वचेतून बारीक सुरी आत घालून या नसा कापत असत आणि जवळजवळ शंभर टक्के यशाचा दावा करत. रक्तस्राव टाळण्यासाठी अमेरिकेतले न्यूरोसर्जन नॉर्मन शीली यांनी सुरीऐवजी रेडिओफ्रिक्वेन्सीची सुई वापरली. १९७७ मध्ये बोगडक आणि सहकाऱ्यांनी शवविच्छेदन करून रीस यांची सुरी मुळात त्या नसांपर्यंत पोहोचतच नव्हती हे दाखवलं. मग रुग्ण बरे कसे होत होते? हा प्रश्न या क्षेत्राची पाठ अजून सोडत नाही.

दुसरी फजिती सुईच्या दिशेची. १९८७ मध्ये बोगडक आणि सहकाऱ्यांनी सुई कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागात आणि ताज्या मांसात घालून तापवली. अंड्याच्या त्या पारदर्शक भागात शिजलेला पांढरा डाग डोळ्यांना दिसतो, म्हणून हे साधन. तो डाग लांबट द्राक्षासारखा, सुईच्या उघड्या टोकाच्या आजूबाजूला पसरलेला होता. टोकाच्या पुढे मात्र जवळपास काहीच शिजलं नव्हतं. याचा अर्थ सुई नसेवर उभी टेकवली तर नस वाचते, सुई नसेला समांतर आडवी ठेवली तरच ती पुरेशी लांब जळते. तोवर जगभर बरेच डॉक्टर सुई उभीच टेकवत होते. त्या काळातल्या अपयशाच्या आकड्यांमध्ये उपचाराचा दोष किती आणि सुईच्या कोनाचा किती, हे आता कोण सांगणार?

प्रत्यक्ष टेबलावर काय होतं? रुग्ण पालथा किंवा कुशीवर झोपतो. एक चिकट पट्टी मांडीवर किंवा पाठीवर लावतात, प्रवाह परत जाण्यासाठी. त्वचा बधिर करतात, पडद्यावर बघत सुई सरकवतात. मग नस जवळ आहे का ते विजेने विचारतात. ५० हर्ट्झच्या बारीक प्रवाहाने मानेत आतल्या आत झिणझिण्या किंवा नेहमीचीच ओळखीची कळ यावी लागते. त्यानंतर २ हर्ट्झने मानेचे स्नायू धडधडतात. हाताचे स्नायू उडाले तर सुई धोक्याच्या जागी, म्हणजे पुढे जाणाऱ्या मुख्य नसेपाशी आहे, तिथे उष्णता द्यायची नाही. रुग्णाला गाढ झोपवत नाहीत, त्याचं कारण हेच. 'हाताला कळ गेली' असं सांगणारा माणूस जागा हवा. नसेचा रस्ता माणसागणिक मिलिमीटरभर इकडेतिकडे असतो, म्हणून एकाच जागी भागत नाही, थोडं वर-खाली सरकवून दोन-तीनदा उष्णता द्यावी लागते. काम कंटाळवाणं आहे आणि कंटाळा न करता केलं तरच फळ मिळतं.

या उपचाराचा सगळ्यात भक्कम पुरावा १९९६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. रुग्ण फक्त २४, पण रचना इतकी कडक की लहान संख्या असूनही तो अजून उद्धृत होतो. अपघातातल्या हिसक्यानंतर मान दुखणारे, तपासणी-इंजेक्शनांतून पार झालेले रुग्ण घेतले. निम्म्यांना ८० अंशांची उष्णता दिली. उरलेल्यांना सगळे सोपस्कार तसेच, फक्त सुईच्या टोकाला शरीराचंच ३७ अंश तापमान. कोणाला काय मिळालं, हे रुग्णांना आणि नंतर तपासणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. दुखणं पुन्हा निम्म्यापर्यंत चढायला उष्णता मिळालेल्यांना २६३ दिवस लागले, नुसती सुई मिळालेल्यांना ८ दिवस. हे मध्यक आकडे आहेत, म्हणजे निम्म्यांना याहून जास्त वेळ मिळाला आणि निम्म्यांना कमी. २७ आठवड्यांनी पहिल्या गटात सात जण वेदनामुक्त होते, दुसऱ्यात एक. आणि पहिल्या गटातल्या पाच जणांना नसेच्या प्रदेशातली त्वचा बधिर झालेली जाणवली, पण त्रासदायक कोणालाच वाटली नाही.

याच रुग्णांबद्दलचा १९९७ चा पाठपुरावा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. दुखणं गेलेल्या रुग्णांची मानसिक अस्वस्थता, तिच्यावर वेगळा उपचार न करताही, निघून गेली. अस्वस्थतेमुळे दुखत नव्हतं, दुखण्यामुळे माणसं अस्वस्थ झाली होती.

आता दुष्परिणामांकडे, आणि तिथे नसेच्या कामांची यादी हाताशी ठेवू. पहिलं म्हणजे उपचारानंतरचं दुखणं. सुया स्नायूंतून गेल्या आहेत, आतला भाग भाजला आहे, तेव्हा काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे मान आधीपेक्षा जास्त दुखू शकते. पहिल्या आठवड्यात 'आणखी बिघडलं' असं वाटून खचून जाणारे रुग्ण कमी नाहीत. फायदा दिसायला दोन-चार आठवडे द्यावे लागतात. याची कल्पना आधी दिली नाही तर रुग्ण घाबरणार नाही तर काय करणार?

दुसरं, त्वचेचं. नस त्वचेपर्यंत जात असेल तिथे बधिरपणा येतो आणि त्याच्या कडेला झिणझिण्या, खाज, उन्हात भाजल्यासारखी आग होते. कॉलर घासली तरी नकोसं वाटतं. काही रुग्णांत जखमी नसेचा दाह आठवडे-महिने चालतो, त्याला नसांच्या दुखण्यावरची औषधं लागतात. बहुतेकांचं आपोआप ओसरतं. डॉक्टरांच्या दृष्टीने हा बधिरपणा बऱ्याचदा नस नीट जळल्याची खूण असते, पण केस विंचरताना डोक्याचा तो भाग परका वाटणाऱ्या माणसाला ही माहिती फारशी दिलासा देत नाही.

तिसरं, तोल. इथे ती जाडसर नस येते, डोक्याच्या मागे जाणारी. मानेच्या वरच्या भागातून मेंदूला डोकं कुठे वळलंय, किती झुकलंय याची खबर सतत जात असते. ती नस जाळली की त्या खबरीत एक भोक पडतं. कान आणि डोळे कसर भरून काढतात, पण अंधारात, डोळे मिटून किंवा जिन्याच्या पायऱ्यांवर लटपटायला होतं. या नसेवरच्या उपचारांचा २००३ चा एक अभ्यास आहे. मानेतून निघणाऱ्या डोकेदुखीच्या ४९ रुग्णांपैकी ४३ जणांना चांगला आराम मिळाला, त्याचा मध्यक काळ २९७ दिवस होता. सोबत बधिरपणा, आग आणि थोडी लटपट यांचीही नोंद आहे, बहुतांशी तात्पुरती आणि रुग्णांनी सोसलेली. अशा उपचारानंतर पहिले काही दिवस शिडीवर चढणं, गाडी चालवणं टाळायला सांगतात. चालताना नजर दूरवर ठेवली की तोल सावरतो.

चौथं, स्नायू. दोन-तीन पातळ्यांवरच्या नसा एका बाजूला जाळल्या तर बाकीचे स्नायू भार उचलतात आणि बहुतेकांना काही कळतही नाही. दोन्ही बाजूंना, बऱ्याच पातळ्यांवर, पुन्हा पुन्हा जाळलं तर मान मागे धरून ठेवणारे स्नायू कमकुवत होऊ शकतात. मान पुढे झुकून हनुवटी छातीकडे जाते, डोकं वर धरून ठेवता येत नाही, अशा काही रुग्णांच्या नोंदी आहेत. हे दुर्मिळ आहे. पण याच कारणाने अनेक डॉक्टर दोन्ही बाजू एकाच दिवशी करत नाहीत, मध्ये काही आठवडे जाऊ देतात. मानेचे व्यायाम चालू ठेवण्याचा आग्रह असतो तोही यामुळेच.

यादीबाहेरचे धोके वेगळे : संसर्ग, रक्तस्राव, मांडीवरची पट्टी नीट न चिकटल्यास तिथे भाजणं, टोचताना चक्कर येणं. सुई खांबाच्या पुढे घसरली तर मेंदूकडे जाणारी धमनी आणि मुख्य नस, आत घसरली तर मज्जारज्जू. पडद्यावर नीट बघून केलं तर इतका गंभीर अपघात फारच क्वचित होतो. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं दुसरं विद्युत उपकरण असेल तर ते आधीच सांगायला हवं, कारण प्रवाहाने त्यात गोंधळ होऊ शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. काही वेळा त्या बंद करण्याचाच धोका जास्त असतो.

'पल्स्ड' नावाचा एक सौम्य प्रकारही पुढे केला जातो. त्यात प्रवाह तुकड्या-तुकड्यांत देतात, तापमान ४२ अंशांच्या वर जाऊ देत नाहीत, नस मरत नाही. दुष्परिणाम कमी, हे खरं. मानेच्या सांध्यांसाठी त्याचा पुरावा मात्र जाळण्याच्या पद्धतीइतका भक्कम नाही.

सगळंच गोड नाही, हेही सांगायला हवं. कमरेच्या दुखण्यासाठी हाच उपचार नेदरलँड्समध्ये तीन चाचण्यांतून एकूण ६८१ रुग्णांवर तपासला गेला. २०१७ मध्ये निकाल आले : व्यायामात रेडिओफ्रिक्वेन्सीची भर घातल्याने व्यवहारात जाणवेल इतका फायदा झाला नाही. टीकाकार म्हणतात, रुग्ण एकाच तपासणी-इंजेक्शनने निवडले होते आणि सुया ठेवण्याची पद्धतही धड नव्हती. मला या टीकेत तथ्य वाटतं. पण चाचण्यांतले डॉक्टर रोजचेच होते, आणि रोजच्या दवाखान्यात उपचार तसाच होणार असेल तर निकालही तसेच येणार.

जाळलेली नस परत वाढते. तिची पेशी मज्जारज्जूजवळच्या गाठीत सुखरूप असते, मेली ती फक्त लांब दोरी. दिवसाला साधारण एखाद्या मिलिमीटरच्या वेगाने ती नव्याने वाढत येते, सांध्यापर्यंत पोहोचते, आणि सांधा जसा होता तसाच असल्याने दुखणंही परततं. बधिरपणा आणि आरामही त्यामुळे बहुधा तात्पुरतेच ठरतात. १९९९ चा पाठपुरावा सांगतो : पहिल्या उपचाराने दुखणं पूर्ण गेलेल्यांना ४२२ दिवस मिळाले, अपयशी धरून सगळ्यांचा हिशेब केला तर २१९. दुखणं परतलं आणि ते त्याच जागी, त्याच स्वरूपाचं असेल, तर पुन्हा जाळल्याने बहुतेकांना पुन्हा आराम मिळतो. दुखणं नव्या जागी असेल किंवा हाताकडे उतरत असेल, तर मात्र जुन्या निदानावर सुई धरायची नाही, तपासणी-इंजेक्शनांपासून सुरुवात करायची.